घडीवरची शाई

भिवंडी, १२ ऑक्टोबर २००७

सायबर कॅफेतल्या खुर्चीला तीनच पाय. तरी तिला आसन म्हणावं लागतं, ही देववाणीची विटंबना. तिच्यावर तोल सांभाळत मी इंटरनेटवरच्या लिलावात मेव्हण्याने, वसंताने, लावलेली इंग्रजी राजवटीतली दहाची नोट पाहिली. मधली घडी पार झिजलेली, पण घडीवरची शाई मात्र कोरी करकरीत! घडी पडल्यावर छापली की काय?

फोन केला. "वसंता, नोट पाहिली," एवढंच म्हटलं.

"दाजी, त्या घडीचं मनावर घेऊ नका. खरी हाय म्हणून लिहा खाली, तुम्ही जुन्या नोटांचे जाणकार, तुमच्या शब्दावर बोली चढते."

घडीबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.

तो फसला असता, तर सावरून घेतलं असतं. त्याला सगळं ठाऊक आहे. हे हिला, त्याच्या बहिणीला, कसं सांगू, याचीच धास्ती वाटते.