टोपी काढणारे

गिरगाव,
६ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. उर्मिलाआत्यास वासंतीचा सा. न. वि. वि.

तू सुचवलेल्या स्थळाबरोबर, म्हणजे कमलाकांतांबरोबर, पाहिलेला आयरिश गाण्यांचा कार्यक्रम कसा झाला, असं तू विचारलंस. येऊन सांगितलं असतं, पण माहीमला आले की तू अर्ध्या वाक्यावर जेवायला वाढतेस, आणि या वेळी मला वाक्यं पुरी करायची आहेत.

पाहुण्यांबद्दल तक्रार नाही. फिडल, बासरी, काखेतल्या भात्याने हवा भरायचं एक वाद्य, आणि डफासारखं एक, ते आखूड काठीच्या दोन्ही टोकांनी वाजवतात. त्या वादकाची एक मात्रा ढळली नाही. ढळत होतं ते सभागृह. रेशमी साड्या आणि नेहरू जाकिटं प्रत्येक गाण्याला टाळ्यांचा ठेका धरत होती आणि प्रत्येक गाण्यात चुकत होती. शेवटी वादकाने आमच्याकडे बघणं सोडलं. आयोजक बाईंनी प्रास्ताविकात सांगितलं की तिकडचे गरीब लोक कष्टातही फार आनंदी असतात. नंतर रस्त्यावर, झोप लागली म्हणून ड्रायव्हरला झापणाऱ्या त्याच होत्या.

मध्यंतरात कमलाकांतांनी बटाटावडा खाता खाता मला पुन्हा सगळं विचारलं, जे तू त्यांना आधीच सांगून ठेवलं आहेस: टेक्स्टाइलचा डिप्लोमा, परळच्या गिरणीतली टेस्टिंग लॅब, संपात बंद पडलेली गिरणी अजून बंदच. म्हणाले, आमची गिरणी सुरू होतेय, लग्नानंतर नव्या लॅबमधली जागा तुमचीच समजा. आत्या, मला ते ऐकून बरं वाटलं. दोन वर्षं मी शेजारच्या मुलांची बीजगणितं सोडवते आहे. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं रागाच्या भरात लिहिलं असं तू म्हणणार नाहीस.

कार्यक्रमाच्या शेवटी गायिकेने वाद्यांशिवाय एक गाणं म्हटलं. त्यांच्याकडच्या लिननच्या गिरणीतल्या अनवाणी डॉफर पोरींचं. मुकादमीण पाठमोरी झाली की त्या तिच्या चालण्याची नक्कल करतात. मला हसू आलं. कमलाकांतांना वाटलं, अर्थ कळला नाही म्हणून हसते. कानाशी वाकून त्यांनी समजावलं की डॉफ म्हणजे टोपी काढणं, तेव्हा डॉफर म्हणजे अदबीने टोपी काढणारे नोकर.

सूतकताईच्या यंत्रावरच्या, म्हणजे साच्यावरच्या, सूत भरलेल्या बॉबिनी काढून रिकाम्या चढवतो, तो डॉफर. लालबागच्या कुठल्याही चाळीत विचार. आणि हे गृहस्थ गिरणीचे लेबर ऑफिसर. संपानंतर कोणाला परत घ्यायचं हे त्यांच्या सहीने ठरतं. मी चूक सांगितली, तर असं होय, म्हणाले, आणि भलत्याच ठिकाणी टाळी वाजवली.

माझा कल नकाराकडे आहे. या पत्राने तुझा लोभ थोडा कमी झाला तर चालेल, आटू नये.

तुझी
वासंती

माहीम,
९ फेब्रुवारी १९८४

चि. वासंतीस उर्मिलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

एका शब्दावरून स्थळ मोडणारी तू आपल्या घरातली पहिलीच. तुझ्या काकांना अजून तूर आणि मसूर यांतला फरक कळत नाही. म्हणून काय मी माहेरी येऊन बसले? तुला डिप्लोमा मिळाला, बाई, सगळ्या जगाची परीक्षक म्हणून नेमणूक नाही झाली.

काल कमलाकांत स्वतः येऊन गेले. मनाने मोठे आहेत. चूक काढलीस त्याचा राग नाही. उलट त्यांनी ऑफिसात चौकशी केली आणि तुझंच बरोबर निघालं म्हणाले. पण आता त्यावरून वाद नको, असा त्यांचा निरोप आहे. नव्या यंत्रांवर बॉबिनी आपोआप निघतात, त्यामुळे त्या लोकांना परत घ्यायचंच नाही. त्या कागदावर त्यांची सही मागच्याच महिन्यात झाली. डॉफर हा शब्द तेव्हाही त्या कागदात होता म्हणे, पण इतकं वाचत कोण बसतं. सांगताना ते हसले, मीही हसले.

तेव्हा शब्द गेला आणि भांडणही गेलं. लॅबची जागा त्यांनी अजून धरून ठेवली आहे. रविवारी ये, बोंबील आणते. आशीर्वाद कायमचे आहेत, जागा कायमची नाही, एवढं ध्यानात ठेव.

उर्मिलाआत्या

गिरगाव,
११ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र येईपर्यंत माझ्या नकारात थोडी फट होती. माणसाला शब्द येत नसेल तर शिकवता येतो. मी शिकवलाही असता. पण यांनी आधी सही केली, मग शब्द शिकले, मग हसले. या क्रमात मला बसायला जागा दिसत नाही.

नवी यंत्रं येणार हे मला कळतं, माझाच विषय आहे तो. ज्यांना घरी बसवायचं त्यांना काय म्हणतात, एवढं तरी सहीआधी माहीत असावं. लॅबची जागा मी सोडते. ती मला हवी होती, हे मात्र विसरू नकोस. बीजगणित चालू राहील.

कार्यक्रमातलं एक सांगायचं राहिलं. डॉफर पोरींचं ते गाणं संपलं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि कितीतरी जण गाड्या काढायला उठले, कमलाकांतही. गायिका थांबली. मग शेवटची ओळ तिने त्यांच्या पाठींना म्हणून दाखवली. मी बसून पूर्ण ऐकली.

कमलाकांतांना कळव की त्यांचा अर्थही शब्दकोशात आहे, तेवढे ते बरोबर. तुम्ही दोघं मिळून मला जी टोपी घालत होतात, ती मी अदबीने काढून ठेवली आहे.

रविवारी येते. बोंबील असावेत, पाहुणे नसावेत, आणि लोभ होता तितका असावा.

तुझी
वासंती