थेरगाव फाट्यावर उतरताना

बुधवार, फेब्रुवारी १९५७. चिंचवड.

बसची पायरी इतकी उंच आहे, हे इतकी वर्षं गाडी चालवूनही आजच कळलं. कारखान्यात एक पाय गमावलेला गणपत दवाखान्यातून कुबड्या घेऊन घरी निघाला होता. थेरगाव फाट्यावर कंडक्टर त्याला उचलायला गेला, तर गणपत हळूच म्हणाला, "नको, राव. कारभारीण उभी हाय. माझा मी उतरतो."

पण ती पायरी... मग गाडी जरा मागे घेतली आणि रस्त्याकडेच्या मातीच्या उंचवट्याला दार लावलं. थांबा सोडून उभी केली म्हणून कोणी विचारेल का? विचारू दे. उद्याही तिथेच लावीन.

गणपत सावकाश, सरळ चालत बाहेर पडला. बायकोने आधाराला पुढे केलेले हात मागे घेतले आणि पदर सावरून ती त्याच्या चालीने चालू लागली.