आतल्या खोलीतली

प्रिय ताई,

परवा ह्यांनी तुला फोन केला तेव्हा मी पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होते. तिसरीला तुमच्याकडे द्यायचं आम्ही रद्द केलंय, एवढं सांगून ते पुढे नुसतं हं हं करत राहिले. तू काय म्हणालीस विचारलं, तर म्हणाले, "काही नाही, साहजिक आहे म्हणाली." तू असंच म्हणणार हे मला ठाऊक होतं. लहानपणी माझ्या हातून तुझी एखादी वस्तू मोडली की तू "असू दे" म्हणायचीस आणि मग दोन दिवस माझ्याशी धड बोलायची नाहीस. फोन हातात घेतला की माझा आवाजच फुटत नाही, म्हणून लिहायला बसलेय. हिरवी झोपलीय. ती उठेपर्यंत होईल तेवढं लिहिते.

तुला गंमत वाटायची ना, पोरींना अजून नावंच नाहीत म्हणून? दवाखान्यात ओळखायला सोपं जावं म्हणून नर्सने तिघींना तीन रंगांच्या टोप्या घातल्या आणि आम्ही तेच धरून बसलो. लाली, हिरवी, पिवळी. शेवटी जन्मलेली पिवळी तुझी, हे तर त्या जन्माला यायच्या आधीच ठरलं होतं. तीन आहेत म्हटल्यावर मी घाबरले होते आणि तू इतकी वर्षं वाट बघून थकली होतीस. मीच तुला म्हटलं की एक तुझी. ते मी मनापासून म्हटलं होतं, ताई, त्यात काही खोट नव्हती. पिवळीचं वजन भरेपर्यंत तिला प्रवास नको असं डॉक्टर म्हणाले, तिथेच सगळं लांबलं.

मुलींना सांभाळायला बाई शोधताना आमच्या नाकीनऊ आले ते तुला सांगितलंच नव्हतं. पहिली आली ती किती मुलं आहेत विचारून, आकडा ऐकून, काढलेल्या चपला तशाच पायात सरकवून निघून गेली. दुसरी भारी गोड बोलायची. तिघींना एकटी सांभाळते म्हणाली आणि खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागली. मग ह्या आल्या. धिप्पाड, आवाज असा की जिन्यातून कळावं कोण येतंय. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "यातली माझी कुठली?" आम्ही तिघींकडे बोट केलं. तर म्हणाल्या, "मी एका वेळी एकच लेकरू घेते. तीन तीन घेऊन एकाचंही धड करत नाही मी." सासूबाई खूश झाल्या. सख्ख्या आईबद्दलही कुणी बोलणार नाही, इतक्या कौतुकाने त्या बाईंबद्दल बोलायला लागल्या.

मग एक द्यायची तर कुठली, हा प्रश्नच नव्हता. जी जाणारच आहे ती बाईंना द्यावी, म्हणजे माझा जीव तिच्यात गुंतायला नको, असं हे म्हणाले. शहाणपणाचं वाटलं. तुलाही वाटलं. आठवतंय? "तिला पाजू नकोस, ढमे, मग तुला सोडवणार नाही," तूच मला फोनवर म्हणालीस. माझ्या भल्यासाठीच म्हणालीस. थोडं तुझ्याही भल्यासाठी म्हणालीस, आणि त्याचा मला राग नाही. इतकी माणसं एकदम शहाणी झाल्यावर मी एकटी काय वेगळं बोलणार होते?

तेव्हापासून पिवळी बाईंबरोबर आतल्या खोलीत. तिचं दूध बाटलीतलं, तिचे कपडे वेगळ्या बादलीत, तिचं रडणं दारापलीकडे. सुरुवातीला ती रडली की माझी छाती भरून यायची आणि कपडे भिजायचे. मी लालीला किंवा हिरवीला जवळ ओढून घ्यायची आणि दाराकडे पाठ करून बसायची. हळूहळू ते बंद झालं. नंतर तर तिचं रडणं मला शेजारच्या घरातल्या मुलाच्या रडण्यासारखं ऐकू यायला लागलं. बाई तिला संध्याकाळी दाखवायला बाहेर आणायच्या. मी "छान दिसतेय" म्हणायची. पाहुणीसारखी.

लालीला सर्दीच झाली होती. साधी सर्दी. दुपारी पाजताना ती सारखी तोंड सोडायला लागली, श्वासाबरोबर तिच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या. ह्यांना कामावरून बोलावून घेईपर्यंत मी थांबले नाही, शेजाऱ्यांची गाडी काढायला लावली. दवाखान्यात तिला माझ्या हातातून घेतलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. छातीत कफ भरला, एवढीशी फुप्फुसं, वेळेआधी जन्मलेली मुलं, असं डॉक्टर पुष्कळ काय काय सांगत होते. ते खरंच वाईट वाटून सांगत होते. मी त्यांच्या खिशातल्या पेनाकडे बघत होते. संध्याकाळी आम्ही नुसती तिची दुपटी घेऊन घरी आलो.

तुम्ही दोघं लालीसाठी येऊन गेलात. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी आतल्या खोलीतून पिवळीला उचललं, लालीच्या पाळण्यात ठेवलं आणि तिच्या डोक्यावर लाल टोपी चढवली. "दोन होत्या, दोन आहेत," म्हणाल्या. ताई, त्या वाईट नाहीत. त्या टोपीची नाडी त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली. हे बाजूलाच उभे होते. मग तुला फोन झाला आणि आता दोघींना सांभाळायला बाई कशाला म्हणून बाईंनाही महिनाअखेरीस जायला सांगितलं.

मी पिवळीला छातीशी धरते. ती ताठ होते, मान फिरवते, निळी पडेपर्यंत रडते. स्वयंपाकघरात बाईंचा आवाज झाला की गप्प होऊन कान देते. सासूबाई म्हणतात होईल सवय. बाई परवा माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "तुमच्यावर रागावली नाही हो ती. तुम्ही कोण हेच तिला माहीत नाही." आणि चक्क माझ्याआधी त्याच रडायला लागल्या. एवढी धिप्पाड बाई, पदराने नाक पुसत बसली.

पण सवयीचं मी निभावलं असतं. सवय काय, लागते. जे निभावत नाही ते तुला सांगायला हे पत्र लिहितेय, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते माझी समजूत घालतील आणि मला ती नको आहे. डॉक्टर दार उघडून बाहेर आले, त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं, आणि तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की जायचीच होती एक, तर आतली का नाही गेली? एकदाच आला असता तर वेड लागलं होतं म्हणून सोडून दिलं असतं. तो रोज येतो. ती लाल टोपी घालून माझ्या मांडीवर रडते तेव्हा येतो. हिरवीला घेतलं की येत नाही. ही पोर माझ्या घरात मोठी होईल आणि मी तिच्या ताटात वाढताना, तिची वेणी घालताना हेच मनात घेऊन बसेन, आणि मुलांना असलं सगळं कळतं. तेव्हा तू ये. मला विचारत बसू नकोस, ह्यांच्या फोनला धरून बसू नकोस, भाऊजींना घेऊन रविवारी ये आणि तुझी मुलगी घेऊन जा. घरात काय बोलायचं ते मी बोलेन, शिव्या मी खाईन. बाई तुमच्याबरोबर यायला तयार आहेत, मी विचारलंय. माझे आभार मानू नकोस, मी त्याग बिग काही करत नाहीये. आणि पुढे कधी तिने विचारलंच, तर तिला सांग की तुझ्या आईला तिघी झेपल्या नाहीत. खोटं आहे, पण तिला ऐकवेल.

तुझीच,
ढमी