चौथी ओळ, वजन चोवीस

सोमवार, ३

पोचलो एकदाचे! तीन ट्रंका, दोन गाद्या, एक भिंगरी आणि एक वन्सं, सगळं एकाच टेम्पोत. नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा उगवतो, त्यामुळे संसाराचा गाडा मी आणि त्याची थोरली बहीण ओढतो. वन्संचं तोंड आणि माझं तोंड, दोन्ही एका घरात मावतात हेच नवल. उतरल्या उतरल्या त्यांनी ऐकवलं की गादीला चिखल लागला तो मी धरली म्हणूनच लागला. बरं, म्हटलं. भिंगरी, आमची आठ वर्षांची लेक, तोवर दोनदा जिना चढून उतरून आली होती.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे, स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, नळाला पाणी आहे. समोरच्या दारात एक निवृत्त नर्सबाई राहतात. त्यांनी न मागता चहा आणून दिला आणि कप परत न्यायच्या निमित्ताने आमचं सगळं सामान बघून घेतलं.

ऑफिस चालत दहा मिनिटांवर. साहेब गोलमटोल आणि हसरे आहेत, माझी खुर्ची स्वतः पुसून दिली. दुसरे मास्तर. ते तपासनीस, पण पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून सगळे मास्तरच म्हणतात. ताडमाड उंच माणूस, दारातून येताना मान वाकवतो. एवढीच माणसं. मला आवडलं बाई हे सगळं.

मंगळवार, ४

वन्संनी विचारलं, तू दिवसभर तिथे करतेस तरी काय? सांगून बघितलं. आमची लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, चित्र आणि आवाज चालवणाऱ्या प्रोग्रॅमांची. लोक तिला हुकूम लिहून देतात: रुंदी इतकी, सेकंदाला चित्रं इतकी, आवाज चालू. पण कॉम्प्युटरच्या लेखी ती नुसती अक्षरं. एकेका शब्दाला धरून विचारावं लागतं, बाबा रे, तू कोण? पूर्णांक, अपूर्णांक, वेळ, अमुक ते तमुकमधला आकडा, की नुसतं हो-नाही? आणि मग त्या त्या साच्यात बसवावं लागतं. वन्सं म्हणाल्या, म्हणजे धान्य निवडायचंच काम की! अगदी तेच.

निवडायचं काम करणारा जुना प्रोग्रॅम थोरल्यांनी लिहिला. थोरले म्हणजे साहेबांचे वडील, आता नाहीत. बाकी कुठलाही असा प्रोग्रॅम शब्द साच्यात बसला नाही की तक्रार करतो आणि थांबतो. थोरल्यांचा थांबत नाही. माथ्यावर त्यांनी लिहून ठेवलंय, "हा कधी नाही म्हणत नाही." बसलं नाही तर छाटून बसवतो, काहीच आलं नाही तर शून्य धरतो. मला हसू आलं. असा जावई हवा!

तपासण्याची पद्धतही जुनीच. कोपऱ्यातल्या मशीनवर नमुन्याच्या ओळी लिहायच्या. रोज दुपारी बारा वाजता ते एक ओळ वाचतं आणि मास्तर निकाल वहीत उतरवतात. काय मोजायचं आणि साचा कुठला, हे एकदा लिहिलं की बदलत नाही. नाव आणि आकडा मात्र त्या दिवशी बाराच्या आधी बदलता येतो.

बुधवार, ५

आज नमुने लिहिले. थोरल्यांची एक चिठ्ठी मशीनवर चिकटवलेली आहे, नमुन्यात ओळखीचं काही घालू नये. ते आम्हाला पहिल्याच नोकरीत शिकवतात, खऱ्या माणसांची माहिती वापरायची नाही म्हणून. पण मी कुठे कुणाचं खरं नाव लिहिणार होते? टोपणनावं लिहिली, झालं. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात. समोर दिसेल ते खरडायचं आणि साचा मुद्दाम चुकीचा द्यायचा, म्हणजे प्रोग्रॅमची फजिती होते.

पहिली ओळ: साहेब, डोळे, 2. साचा हो-नाही.
दुसरी: मास्तर, उंची फुटांत, 5.7. साचा पूर्णांक. (सहाच्या वर असतील, पण मला पॉइंटवाला आकडा हवा होता.)
तिसरी: वन्सं, रोजची पावलं, 6000. साचा पूर्णांक. एखादी ओळ बरोबरही हवी.
चौथी: भिंगरी, वजन किलोत, 24. साचा शून्य ते दहा. शाळेच्या फॉर्मवर सकाळीच भरलं होतं, तेच उतरवलं.

गुरुवार, ६



बारा वाजता पहिली ओळ गेली. हो-नाहीच्या साच्यात दोन कुठून बसणार? हो म्हणजे एक, म्हणून निकाल आला 1. मास्तर आणि मी हसत होतो. तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधून किंकाळी आली. तशी किंकाळी मी जन्मात ऐकली नव्हती.

आत गेलो तर ते टेबलावर पालथे, आणि उजवा डोळा टेबलाच्या कडेवर, कागदांवर. बाहेर आलेला नव्हे, काढलेला. खाचेत काही नव्हतं, नुसतं रक्त, शर्टभर, कीबोर्डभर. हातात पेन नाही, काच फुटलेली नाही, केबिनमध्ये दुसरं कुणी नाही. मी माझी ओढणी दाबून धरली. ते एकच विचारत होते, कोण होतं, कोण होतं.

मास्तरांना म्हटलं, योगायोग असेल. ते वहीतला एकाचा आकडा बघत बसले.

शुक्रवार, ७

मी त्यांना सकाळी सांगितलं होतं, मास्तर, घरी जा. ते म्हणाले, घरी जाऊन काय होणार, आपण आकडा बदलू. मी 5.7 खोडून 6 लिहिलं. पूर्णांकाच्या साच्यात सहा सहज बसतात. दोघांनी सुटकेचा श्वास सोडला. मग त्यांनीच भिंतीला पाठ लावली आणि मला टेप धरायला लावली. सहा फूट तीन इंच! सहाच्या वरचे तीन इंच कुठे जाणार, हे आमच्या डोक्यात येईपर्यंत बारा वाजले.

ते उभे होते आणि मग खाली आले. आवाज झाला, ओल्या फांदीचा होतो तसा. बूट जागच्या जागी राहिले, नाड्या बांधलेल्या, आत पावलं. घोट्यापासून सपाट. मास्तर त्या बुटांशेजारी पडून हातांनी ते स्वतःकडे ओढत होते, आणि रक्तावरून हात घसरत होते.

निकाल 6.

दोन्ही पायांना वायरी आवळून बांधल्या. जगतील, असं दवाखान्यात म्हणाले. टेप मी धरली होती. मीच.

रात्रभर वन्संच्या पायांकडे बघत बसले. त्या खेकसल्या, काय बघतेस मेल्यासारखी?

शनिवार, ८

खोडली. अकरा वाजता तिसरी ओळ अख्खी खोडली. नाव नको, आकडा नको, काहीच नको. मशीनचा प्लगही उपटला. सुटले म्हटलं.

प्लग उपटूनही बाराला स्क्रीन लागला. तिसरी ओळ. वन्सं. पावलं. आकड्याची जागा रिकामी. निकाल 0.

धावत घरी. जिन्यातच नर्सबाई, कोपरापर्यंत लाल. त्यांनी मला अडवलं. मी ढकलून आत गेले.

स्वयंपाकघरात होत्या. अर्ध्या. दोन्ही पाय मांडीपासून वेगळे, ओट्याखाली, आणि त्या हातांवर फरपटत दारापर्यंत आल्या होत्या. फरशीवर तेवढा पट्टा. भिंगरी शाळेत होती, तेवढीच देवाची कृपा. वन्संचे डोळे उघडेच होते, गेल्या होत्या.

सहा हजार पूर्णांकात बसत होते! बसत होते हो! ती एकच ओळ बरोबर होती. मी हात लावला नसता तर त्या आत्ता मला शिव्या घालत असत्या. मी मारलं त्यांना. माझ्या हाताने.

उद्या रविवार. मशीनला रविवार माहीत नाही.

रविवार, ९, सकाळी आठ

दवाखान्यात मास्तरांकडे गेले. आता ते बोलले. थोरल्यांनीही घरचीच नावं लिहिली होती. धाकट्या मुलाच्या ओळीला घाबरून त्यांनी तेव्हाचं मशीन कुऱ्हाडीने फोडलं. मजकूर मिळाला नाही, शून्य धरलं. साहेबांना भाऊ होता हे मला माहीतच नव्हतं. मास्तरांना वाटायचं, दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. म्हणून मला सांगितलं नाही. रडत होते. मी रागावले नाही. रागवायला तरी वेळ कुठे आहे.

साडेनऊ

ऑफिसात एकटी. भिंगरी नर्सबाईंकडे. त्यांच्याकडे वजनाचा काटा आहे. फोन सुरू ठेवायला सांगितलंय. का ते विचारलं नाही त्यांनी. काल बघितलंय ना सगळं.

चौथी ओळ. वजन. शून्य ते दहा. साचा बदलत नाही. चाळीस वेळा करून बघितलं. आकडा कितीही लिहा, दहाच्या वर जाणार नाही. चोवीसातून दहा. चौदा किलो. माझ्या लेकीचे चौदा किलो—

दहा

नाव बदलतं. नाव बदलतं!

दगड लिहिलं. परत भिंगरी आलं. मांजर लिहिलं. परत भिंगरी. माणूसच हवंय त्याला, आणि माझ्या ओळखीचं.

साहेब लिहिलं. राहिलं.

साडेदहा

साहेब अजून तिथेच आहे. नाव. पुसलेलं नाही मी.

एक डोळा तर गेलाच आहे. म्हातारे होत आलेत. त्यांच्या बापानेच केलंय हे सगळं, मुलाने फेडलं तर काय बिघडलं. असं मी म्हणतेय. मी! ज्यांनी माझी खुर्ची पुसून दिली—

दहा किलोच्या आतलं माणूस म्हणजे तान्हं बाळ. कुणाचं तरी बाळ लिहायचं? आणि मशीनवर भरवसा ठेवायचा? शी. थू माझ्यावर.

अकरा वाजून दहा

पुसलं.

माझं लिहिलं. राहिलं.

अठ्ठावन्न. वजा दहा. अठ्ठेचाळीस जाणार. गणित सोपं आहे.

अकरा चाळीस

नवऱ्याला पत्र लिहून नर्सबाईंच्या दाराखालून सरकवायला हवं होतं. राहिलं. त्याला सांगा कुणीतरी, भिंगरीला दूध नासलेलं ओळखता येत नाही, आधी वास घेऊन बघायचं. वन्सं करायच्या ते.

फोनवर भिंगरी. नर्सबाईंनी तिला काट्यावर उभं केलंय. हलू नकोस म्हणतात. ती हलतेय. सांगितलं, आज एकदा, आईसाठी, एका जागी उभी राहा गं राणी.

अकरा अठ्ठावन्न

दार आतून लावलं. तिला फोनवर माझा आवाज जाऊ नये म्हणून तोंडात ओढणी—

बारा

चोवीस

नर्सबाई म्हणाल्या चोवीस. ओढणी काढून पुन्हा विचारलं. चोवीस. चोवीस आहे. देवा, चोवीस—

खुर्ची ओली. पाय नाहीत बहुतेक. बघत नाही. लिहिते. उजवा हात आहे अजून तोवर—

तेवीस म्हणाल्या.

नाही. हलली असेल. काटा जुना असेल. भिंगरी, हलू नकोस, उभी—

बावीस

नाव माझं आहे. स्क्रीनवर माझंच नाव आहे. मी बघतेय. माझं नाव. मग का— मी अठ्ठेचाळीस देतेय ना, घे की, सगळी मला घे, तिला कशाला—

ती ओरडतेय. आई म्हणतेय. ओळीत आणखी एक नाव आलंय, माझ्या नावाच्या मागे, मी नाही लिहिलं, तो कुणालाच नाही म्हणत नाही, दोघींनाही—

पुसते. डावा हात नाही. उजव्याने पुसते. पेन ठेवावं लागेल पुस