खर्चाच्या रकान्यातली मनांग

प्रिय तोतो रुएल,

पत्राच्या उजव्या कोपऱ्यात आधी तारीख घालावी आणि मग विचारपूस करावी, असं सिस्टर एनग्रासियांनी आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. मी तारीख घातलेली नाही. विसरले नाही, मुद्दाम घातली नाही; का ते शेवटी सांगते. विचारपूसही करत नाही, कारण मी तुझ्यावर रागावले आहे आणि रागावलेल्या माणसाने ‘तब्येत कशी आहे’ म्हणून लिहिणं खोटेपणाचं वाटतं. एक्कावन्न वर्षांचा झालास, जहाजावरची माणसं तुला ‘चीफ, चीफ’ करतात म्हणे. करू देत. माझ्यासाठी तू तोतोच, घरातलं शेंडेफळ, आणि आज मी, तुझी थोरली बहीण, तुझी मनांग, तुला तोतोसारखंच धरून बोलणार आहे. हे हाताने लिहिते आणि पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवते. अक्षर लागत नाही असं म्हणू नकोस. याच अक्षराने मी तुझे फीचे अर्ज भरले आहेत.

रस्त्याच्या कडेला बसून लिहिते आहे. समोर भात वाळत घातलंय. शेवटची चाळीस पोती राहिली आहेत, आणि तासातासाने पायाने भात परतावं लागतं. म्हणून मधेच वाक्य तुटलं तर समजून घे.

तर तुझा तो तक्ता. ‘मनांग, वर्ष संपतंय, शेताचा जमाखर्च नीट मांडून पाहिला,’ असं लिहून तू पाठवलास तो. मी चष्मा पुसून, बोट ठेवून, रांगेने वाचला. जमा: भात, डुकराची पिल्लं, बदकांची अंडी. खर्च: खत, कापणीच्या यंत्राचं भाडं, डुकरांचं खाद्य, त्याच्याखाली ‘मनांग: किराणा, औषधं, फोन’, आणि त्याच्याखाली किरकोळ दुरुस्ती. मी पुन्हा वाचलं. डुकरांचं खाद्य आणि किरकोळ दुरुस्ती यांच्यामध्ये मी. दरमहा साडेचार हजार पेसो. मी ते पान तसंच घेऊन गोठ्याशी गेले आणि बेर्नाबेला वाचून दाखवलं. तो म्हैस धूत होता. तिच्या पाठीवर पाणी ओतत म्हणाला, “मनांग, तुम्ही निदान आहात तरी त्यात. मी कुठल्या रकान्यात आहे?” तू त्याला घातलंच नव्हतंस रे. बत्तीस वर्षं आपल्या शेतात राबणारा माणूस तक्त्यात नाही, कारण त्याला महिन्याचा पगार नाही. भाताचा वाटा आहे आणि अर्धेलीने राखलेल्या म्हशीचं एकाआड एक रेडकू. त्याला कुठे लिहायचं ते तुला सुचलं नसेल.

हिशेब मलाही येतो, तोतो. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी त्याच विषयात पहिली होते. आपल्या बापाला, तातयला, झटका आला आणि मला घरी बोलावलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “पुरिंग, एक सत्र जाईल, परत ये.” एकवीस वर्षांची होते. तू नऊ वर्षांचा, नाक पुसायची सवय नसलेला. ते सत्र अजून चालू आहे.

थांब, कोंबड्या आल्या भातात.

आले. तुझ्या तक्त्यात नसलेलं काही सांगते. मी चारला उठते. चूल पेटवून भात टाकते, तोवर दोन्ही डुकरिणी ओरडून गाव उठवतात, म्हणून आधी त्यांना. मग बदकं सोडायची, पण अंडी गोळा केल्याशिवाय नाही, नाहीतर बांधाबांधावर घालून येतात. नंतर लावणीच्या दिवसांत शेतातल्या गोगलगायी वेचायच्या. त्यांची गुलाबी अंडी बोटाने खरवडावी लागतात, आणि त्याचा वास जेवताना येतो. उन्हाच्या दिवसांत म्हैस डुंबायला न्यायची. भात वाळत असेल तर आकाशाकडे एक डोळा. संध्याकाळी पुन्हा डुकरं, पुन्हा बदकं मोजायची. एक कमी भरलं तर अंधार पडायच्या आत शोधायचं. आजारी पडायला मी रविवार धरते, कारण त्या दिवशी बेर्नाबेची बायको लिलिया मिस्साहून आल्यावर मोकळी असते. याचे किती पेसो लावतोस? जमेत लावशील की खर्चात?

आणि मग डिसेंबर. तातयच्या घरात वर्ष कसं मिटवायचं ते तुला ठाऊक आहे. ठाऊक असायला हवं. तीस तारखेपर्यंत सगळ्यांची मजुरी पाकिटात घालून हातात द्यायची, कारण एक जानेवारीला घरातून पैसा गेला तर वर्षभर जात राहतो. भाताचा रांजण काठोकाठ, मीठ काठोकाठ, पाणी काठोकाठ, टेबलावर बारा गोल फळं. तू लहानपणी रांजणात हात खुपसून बघायचास की खालपर्यंत खरंच भात आहे का. मी तुला ओरडायचे, आणि तातय म्हणायचा, “बघू दे त्याला, मालक आहे तो.” तेव्हा मी हसायचे. जमीन तुझ्या नावावर झाली कारण मी लग्न होऊन जाणार होते. गेले नाही. कागद मात्र तसाच राहिला.

आता गेल्या वर्षाचं बोलते. वर्षभर बोलले नाही, फोनवर ‘सगळं ठीक’ म्हणत राहिले. ती चूक माझी.

निष्पाप बालकांचा सण होता, अठ्ठावीस डिसेंबर. त्या दिवशी उसनं मागितलेलं परत करायचं नसतं, जो देतो तो फसला, तो ‘इनोसेन्ते’, भाबडा, ही गंमत आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. मी तर त्यात पटाईत होते. सिस्टर एनग्रासियांची छत्री मी अशीच घेतली होती, आणि त्यांनी ती परत मागितली नाही. रीत ती रीत. आणि गेल्या वर्षी मीच फसले. स्वयंपाकघरात टेबलावर पैशांचा बिस्किटांचा डबा उघडा ठेवून मी मजुरीची पाकिटं भरत होते. तू चौदा महिन्यांनी घरी आला होतास, अर्ध्या चड्डीत, गळ्यात टॉवेल. म्हणालास, “मनांग, तुझा चष्मा जुना झालाय, चुकशील. डबा जरा उसना दे, मी मोजून आणतो.” मी दिला. कारण तू मागितलास, आणि इतक्या दिवसांनी कुणीतरी ‘मी करतो’ म्हणत होतं. तू डबा डोक्यावर धरून नाचलास, “इनोसेन्ते! इनोसेन्ते! मनांग फसली रे!” लिलिया हसली, बेर्नाबे हसला, मीसुद्धा डोळ्यांतून पाणी येईतो हसले. वाटलं, संध्याकाळपर्यंत आणून देईल. आपल्या घरात मोठी वस्तू परत यायचीच. माणूस तोंडाने मागायला आला, की हसून द्यायची.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून टीव्ही उतरला. पलंगाएवढा. “मनांगला भेट!” म्हणालास, माझ्या खांद्याभोवती हात टाकून फोटो काढलास, आणि तीस तारखेला विमानात बसलास. तुला वाटलं, मजुरी वेगळी काढून झाली आणि डब्यात उरली ती माझी बाजूला टाकलेली शिल्लक. मला विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही, कारण तू इतका खूश होतास. एकतीस हजार सहाशे पेसो, अकरा माणसांची मजुरी, भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्यात माझंच तोंड दिसत होतं.

म्हैस त्या वर्षी दीड वर्षाच्या पारडीला घेऊन हिंडत होती. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आधीचं रेडकू आपलं होतं, ते विकून तुझ्या शहरातल्या घराचं छप्पर झालं. म्हणजे ही पारडी बेर्नाबेची. मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले. तोच म्हणाला, “मजुरीसाठी ना? घेऊन जा, मनांग. तोतो किती दिवसांनी हसताना दिसला.” लिलिया मात्र चुलीपाशी बसल्या बसल्या बोलली, “आमच्या पारडीचा टीव्ही झाला म्हणायचा! निदान रविवारी बघायला तरी बोलवा हं.” घाईचा सौदा, अठ्ठावीस हजारच आले. उरलेले अंड्यांच्या पैशातून घातले. मजुरी तीस तारखेलाच दिली. तू वर उडत होतास तेव्हा.

टीव्ही मी लावला नाही. खोक्यात काळी कोंबडी अंडी घालते. एवढाच काय तो त्याचा उपयोग.

भात परतून आले. तू लहान असताना याच रस्त्यावर पसरलेल्या भातात अंगठ्याने जहाजं काढायचास, आठवतं? समुद्र पाहिला नव्हतास तरी धुराडं बरोबर काढायचास. मी सगळं भात परतायचे आणि तेवढा तुकडा शेवटी ठेवायचे, तू शाळेतून येऊन बघेपर्यंत. भात एका बाजूने जास्त वाळायचं, तातय कुरकुरायचा. एवढं तुझ्यासाठी केलं म्हणून सांगत नाही. सांगते एवढ्यासाठी, की तू आज ज्याचा दर हेक्टरी लावून बसला आहेस त्यातलं काय काय तुझं आहे ते तुला माहीत असावं.

तक्त्यामागून तुझा दुसरा निरोप आला. “मनांग, तू त्रेसष्टची झालीस, किती चिखल तुडवणार? ग्राहक चांगला मिळालाय. दलाल कागद न्यायला येईल, पेटीतला जमिनीचा दाखला काढून दे. तुला आमच्याकडे खोली आहे, एसी आहे.” वर्ष मिटायच्या आत उरकायचं होतं तुला. मला न विचारता तारीखही ठरवलीस, सकाळी दहाची वेळ. खोलीत मी काय करू रे? एसीकडे बघू? आणि बेर्नाबेला कुठली खोली? म्हशीला? तुझा हेतू चांगला आहे हे मला कळतं. टीव्हीच्या वेळीही चांगलाच होता. तुझ्या चांगल्या हेतूंची किंमत दरवेळी दुसराच कुणीतरी भरतो, याचा मला राग आहे. आणि तुला नवव्या वर्षापासून मीच वाढवलं, म्हणून अर्धा राग माझ्यावरच आहे.

या वर्षाचा खरा हिशेब मी वहीत मिटवला आहे. मजुरी दिली, यंत्राचं भाडं दिलं, बियाण्याची बारा पोती वेगळी काढून शिवली. ऑक्टोबरमध्ये म्हैस व्याली, पुन्हा पारडीच. पाळीप्रमाणे ती मालकाची होती. ती मी बेर्नाबेच्या नावावर लिहिली आणि खाली सही केली. तातय गेल्यापासून राखणारी मी आहे. म्हशीला जो नियम तो जमिनीलाही लागू व्हावा, एवढंच माझं म्हणणं. एक तुझं, एक राखणाऱ्याचं. जास्तीचा एक दाणाही नको.

आता तारीख. दलाल आज येऊन गेला, बरोबर दहाला. मी त्याला कॉफी दिली, नाताळचा उरलेला चिकट भाताचा लाडू दिला, आणि सांगितलं की दाखला आता पेटीत नाही, तो मी उसना घेतला आहे. तो हसायला लागला, कारण तो इथलाच आहे. तू मात्र जहाजावर दिवस विसरलास. आज सकाळी सहा चाळीसला मी तुला निरोप पाठवला होता, ‘तोतो, पेटीतला जमिनीचा दाखला मला उसना देशील का?’ तुझी पेटी मी कधी विचारल्याशिवाय उघडलेली नाही. तीन मिनिटांत तुझं उत्तर आलं. ते माझ्याकडे आहे, बेर्नाबेलाही वाचून दाखवलं आणि लिलियाने तर दोनदा वाचायला लावलं. “घे ना मनांग, विचारतेस काय, सगळं तुझंच आहे.” आज अठ्ठावीस डिसेंबर आहे, बाळा. इनोसेन्ते. दाखला हवा असेल तर आपल्या घरची रीत तुला माहीत आहे: फोनवर नाही, दलालाकडून नाही, स्वतः यायचं आणि तोंडाने मागायचा. बेर्नाबेसमोर मागायचा. पहाटे चारला ये, डुकरिणींच्या वेळेला, म्हणजे आधी त्यांना खायला घालशील आणि मग बोलू.

तुझीच,
डुकरांचं खाद्य आणि किरकोळ दुरुस्ती यांच्यामधली,
मनांग पुरिंग