आबांची उतरती इंग्रजी

३ ऑगस्ट, शनि.
आबांना नायगावहून नांदेडला माझ्याकडे आणून नऊ दिवस झाले. मेंदूचा झटका येऊन अठरा. हातपाय बरे, चालतात, जेवतात. मराठी मात्र पार गेली, एक शब्द नाही. इंग्रजी शाबूत! डॉ. म्हणाले, क्वचित होतं असं, घरची भाषा जाते आणि शिकलेली राहते. "रोज बोलतं ठेवा, शब्द विचारत राहा." ज्या माणसाने जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवली, त्याला आता लेकीने "व्हॉट इज धिस?" विचारायचं.
कामाच्या कांताबाईंनी ताक दिलं तर त्यांना "थँक यू, मॅडम." बाई लाजून चूर. मलाही मॅडमच म्हणतात. "सुजाता" अजून एकदाही नाही. मी हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

५ ऑगस्ट, सोम.
पाटी आणली. आबांची पद्धतच ती. पाटीवर शब्द लिहायचा, मोठ्याने म्हणायचा, अर्थ सांगायचा, आला की तळव्याने पुसायचा. मी लहान असताना माझा तळवा कायम पांढरा.
शब्द माझ्या कॉलेजच्या वहीतले. एम.ए.ला इंग्रजी भाषेचा इतिहास शिकवते, त्यामुळे याद्या तयारच आहेत: अलीकडचे शब्द, मग लॅटिन-ग्रीकचे, मग नॉर्मन राजांबरोबर आलेले फ्रेंच, मग उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांचे, आणि तळाशी मूळचे. सोपं म्हणून अलीकडचे आधी घेतले. टेलिफोन, थर्मामीटर, सिलिंडर. धडाधड म्हणाले, पुसले. चेहरा खुलला. बरं वाटलं.

८ ऑगस्ट, गुरु.
कांताबाईंनी ताप बघायला थर्मामीटर लावला. मी विचारलं, हे काय? आबा अडखळले. "द... ग्लास थिंग." सोमवारी तर खाडकन सांगितलं होतं. लातूरहून धाकट्या भावाचा, प्रदीपचा फोन आला, तर मोबाइलकडे बोट करून म्हणाले, "फार-स्पीच." म्हणजे दूरचं बोलणं. प्रदीप हसला. मला नाही हसू आलं.

१२ ऑगस्ट, सोम.
शनि.-रवि. फ्रेंच यादी संपवली. आज वर्गात तोच भाग. राबणारा इंग्रज 'शीप' म्हणे आणि ताटात वाढून घेणारा फ्रेंच साहेब 'मटण'. मुलांना मौज वाटली, आपलं मटण इतक्या लांबून आलं म्हणून. घरी आले. रस्सा होता. आबा ताटाकडे बघून म्हणाले, "शीप. शीप-फ्लेश."
मटण गेलं. प्लीज गेलं. आणि 'जस्टिस'! जन्मभर भाषणात, अर्जात, भांडणात वापरलेला शब्द. पाटीवर दाखवला तर एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले.
शब्द ज्या क्रमाने इंग्रजीत आले, त्याच्या उलट क्रमाने आबांमधून जात आहेत. आबा हा इतिहास कधी शिकलेले नाहीत. अंगावर काटा आला तो अजून गेला नाही.

१५ ऑगस्ट, गुरु.
झेंडावंदन उरकून घरी. आबा पेरू कापायला सुरी मागत होते. "क्निफ." आधी दुर्लक्ष केलं, कारण स्पेलिंग पाठ व्हावं म्हणून ते मुलांकडून तसंच म्हणवून घ्यायचे. मग हाऊसला "हूस". नेमला "नामा". नाइटला "निख्त", घशातून, खरवडल्यासारखा ख. तो ख नायगावात कोणी शिकवत नाही. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रजी उच्चार तो, मी फक्त पुस्तकात वाचलाय, जिवंत माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.
मोबाइलवर रेकॉर्ड केलं. शोधनिबंध होईल असं मनात आलं. लाज वाटली. पुसलं नाही मात्र.

१७ ऑगस्ट, शनि.
दुपारी आबांचं कांताबाईंकडे बोट, "थू." बाई पदर झटकत बाहेर. "ताई, सर माझ्यावर थुकून राहिले का?"
समजूत घातली. जुन्या इंग्रजीत आपल्या 'तू'ला तसं म्हणायचे. पुढे तो शब्द मागे पडला आणि सगळ्यांना एकच 'यू' राहिला. आबा इंग्रजीवर भाळले ते त्या एका यूसाठीच. गावात पाटलाचं शेंबडं पोरही आमच्या आजोबांना अरे-तुरे करायचं. आबा म्हणायचे, "सुजाता, या भाषेत कलेक्टरही यू आणि आपणही यू." आता तोच यू गेलाय. मला फार वाईट वाटलं, जस्टिसपेक्षाही.

२० ऑगस्ट, मंगळ.
पण आज एक सुचलं. थू म्हणजे आपला तू. नामा म्हणजे नाम. त्यांचा 'मदर' आणि आपली 'माता' एका घरच्या. फार फार खाली गेलं की दोन्ही भाषांची जमीन एकच. आबा उतरत उतरत तिथे पोचले तर? तिथून मराठीकडे वर आले तर?
प्रदीपला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मग थांबून काय राहिलीस? उरकून टाक यादी." आज मूळचे वीस शब्द घेतले. ब्रेड, फायर, मून, स्टोन. आबा म्हणतात, पुसतात, हात पुढे करतात. अजून दे.

२३ ऑगस्ट, शुक्र.
कांताबाई भाजी निवडत होत्या. सहज बोलल्या, "ताई, एक बघून राहिले मी. सर जे पुसतेत ना, ते पुन्हा म्हनत न्हाईत."
मी म्हटलं, काहीतरीच काय. तरी वही काढली. फ्रेंच यादीची दोन पानं चहा सांडून चिकटली होती. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सोडवली. आत चेअर, टेबल, रिव्हर, कलर. हे पाटीवर कधी आलेच नाहीत.
खुर्चीवर हात ठेवून विचारलं. "चेअर," आबा म्हणाले. स्वच्छ. खिडकीतून गोदावरीच्या दिशेला बोट केलं. "रिव्हर."
मग मून विचारला. नाही. ब्रेड? नाही.
इतिहास वगैरे काही नव्हतं. क्रम माझ्या वहीचा होता. एकेक शब्द मीच हातात दिला आणि त्यांनी शिस्तीत पुसला. आणि मी काटा आला म्हणून लिहीत बसले होते!

२४ ऑगस्ट, शनि.
डॉ.ना फोन. "योगायोग असतो, मॅडम. मेंदूचं नुकसान वाढत असेल. पाटी बंद करू नका, तेवढाच व्यायाम." प्रदीपही तेच. "ताई, तू शिकलेली बाई, अन् कांताबाईचं ऐकून राहिलीस?" ते जुने ख आणि थू कुठून आले, याचं उत्तर दोघांकडे नाही. माझ्याकडेही नाही.
पाटी माळ्यावर टाकली.
आबांकडे उरलेले शब्द: वॉटर, हँड, मदर आणि त्या चिकटलेल्या पानांतले. बोटांवर मोजण्याएवढे. मी हिशेबाने बोलते आता. काही विचारत नाही. पाणी न विचारता पुढे करते.

२६ ऑगस्ट, सोम.
आबा बेचैन. खोल्या धुंडाळतात, गाद्या उचलून बघतात. उजवा तळवा सारखा मांडीवर पुसतात. कांताबाई म्हणाल्या, "पाटी पाह्यजे त्यास्नी. द्या की, ताई. लेकरावानी करून राहिले." नाही म्हटलं. जरा जोरातच.
एक गोष्ट इथेच लिहिते, कोणाला सांगणार नाही. त्यांनी माझं नाव घ्यावं असं मला इतकं वाटतं, की परवा चुकून विचारणारच होते, मी कोण? जीभ चावली. नाव म्हणून लगेच तळवा मांडीवर पुसला आणि तेही गेलं तर? आणि मी कधी विचारलंच नाही, तर ते आत असूनही मला मिळणार नाही.

२७ ऑगस्ट, मंगळ.
चारला कॉलेजहून आले. आबा खुर्चीत, मांडीवर पाटी. कांताबाईंना दया आली, त्यांनी स्टूल घेऊन काढून दिली. त्यांना काय बोलणार.
पाटीवर मराठी. झटक्यानंतरची पहिली. ठसठशीत अक्षर, फळ्यावरचं असायचं तसंच: सुजाता.
आबांनी वर बघितलं. ओळखीचं बघितलं, देवाशपथ, किती दिवसांनी. ओठ पुढे आले. आणि उजवा तळवा पाटीच्या वर, तयार.
मी धावले. एका हाताने मनगट धरलं, दुसरा त्यांच्या तोंडावर ठेवला.
"ताई, अवो काय करून राहिल्या! बोलू द्या! नाव घेऊन राहिले ते तुमचं!"
आबांनी झटापट केली नाही. श्वास गरम लागत होता. तळव्याखाली ओठ हलले, आवाज नाही आला. की आला आणि मीच दाबला, कळत नाही.
कांताबाई रागावून घरी गेल्या. पाटी मी कपाटात ठेवून कुलूप लावलंय, शब्द आहे तसा आहे. आबा समोर बसलेत. ओठ अजून तसेच पुढे. मी मान खाली घालून हे लिहितेय. वर बघितलं तर म्हणतील.