जिन्याखालचा क्लच

१ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून गाडी माझी. महिनाभर. बाबा गेल्यावर आईने वाटणी केली. घर सोपं गेलं: धाकटा वर, मी खाली, आई दोघांकडे. बाबांची मोटारसायकल मात्र अर्धी करता येईना. म्हणून एक महिना त्याची, एक महिना माझी. त्याने पटकन जानेवारी घेतला, त्यामुळे माझ्या वाट्याला दरवर्षी फेब्रुवारी येतो. वर्षाला तीन दिवस माझे बुडतात. हे मी आईला कॅलेंडर घेऊन समजावलं होतं. तिने मला हात जोडले.

धाकटा आणि मी तीन वर्षं बोलत नाही. कारणात शिरत नाही, पण चूक त्याची. निरोप असेल तर आई काठी टेकत वर-खाली करते. आज सकाळी ती वरून काहीतरी निरोप घेऊन आली. मी म्हटलं, त्याचे निरोप मी पहिल्या तारखेला ऐकत नाही, सबंध महिना खराब जातो. ती गुडघे चोळत बसून राहिली.

ज्या दिवशी तो स्वतःच्या तोंडाने माझ्याशी बोलेल, त्या दिवसासाठी माझं उत्तर तयार आहे. आंघोळ करताना रोज म्हणतो. पूर्ण म्हटलं तर पाणी गार होतं.

२ फेब्रुवारी
क्लचचा लिव्हर ढिला. जरासा दाबला तर काही होतच नाही. गाडी ज्याच्या हातात असते त्याच्यासारखी होते. केबल चांगली ताणून आवळली. आता लिव्हर कसा ताठ. शिस्त लागली.

५ फेब्रुवारी
चढावर इंजिन नुसतं बोंबलतं, गाडी जागची हलत नाही. बायको मागे होती. तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, मी उतरून चालू का. एक सायकलवाला पुढे गेला. त्याने वळून पाहिलं. वळून पाहायची गरज नव्हती.

६ फेब्रुवारी
निदान झालं. क्लच घसरतोय, म्हणजे प्लेटा जळल्या. कोणी जाळल्या हे सांगायला ज्योतिषी नको. जानेवारी कोणाचा होता?

वाईट एवढंच की आईचा नियम आहे. ज्याच्या महिन्यात गाडी बिघडेल त्याने ती पहिल्या तारखेच्या आत नीट करून द्यायची. नाही दिली तर त्याचा गाडीवरचा हक्क संपला, कायमचा. हा नियम मीच सुचवला होता. अर्थात धाकट्याला डोळ्यांसमोर ठेवून.

संकल्प: प्लेटा स्वतः बदलणार. वरच्या मजल्याला सुगावा लागू देणार नाही.

८ फेब्रुवारी
व्हिडिओ पाहिले. काम क्षुल्लक आहे. तेल काढा, झाकण काढा, स्प्रिंगा काढा, मधला नट काढा, प्लेटा बदला. व्हिडिओतला माणूस सगळं करताना हसतोय.

मधल्या नटाला कडा नसतात. गोल असतो, वर चार खाचा. त्याला चार दातांचा खास पाना लागतो. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे तो आहे. मी सभ्यपणे मागितला. तो म्हणाला, पाने देत नसतो, गाडी घेऊन या. गाडी कशी नेऊ? तो आणि धाकटा शाळेपासूनचे मित्र. संध्याकाळच्या आत वर बातमी. मी त्याला म्हटलं, तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. तो टायरमध्ये हवा भरत होता. ऐकलं की नाही, कळलं नाही, म्हणून परत जाऊन एकदा म्हटलं.

खास पान्याशिवाय नट काढून दाखवतो.

९ फेब्रुवारी, रविवार
झाकण काढलं. बायकोच्या कपड्यांच्या टबात तेल. तिला सांगितलं की साबणाने निघतं. झाकणाखाली कागदासारखं काही होतं, ते फाटलं. नसलं तरी चालत असावं.

स्प्रिंगा निघाल्या. एक सोफ्याखाली गेली. नट दिसला. लहान आहे. मला वाटलं होतं मोठा असेल.

गाडीवर जुनी चादर टाकून ठेवली. धाकटा जिन्यावरून उतरला, चादरीकडे पाहिलं, तेलात पाय पडू नये म्हणून लांब टांग टाकली आणि गेला. काही पाहिलंच नाही असं दाखवतो. ढोंगी.

११ फेब्रुवारी
खाचेत जुना स्क्रूड्रायव्हर धरून हातोडा मारला. स्क्रूड्रायव्हर वाकला. नवा घेतला. खाचेची कड उडाली. नट जागचा हललेला नाही. हा नट कंपनीतून निघाल्यापासून कोणी उघडलेला नसणार, माझी खात्री आहे.

बायकोने विचारलं, नटाखालच्या पत्र्याची ही एक पाकळी खाचेत वाकलेली का आहे. म्हटलं, शोभेला. यंत्राच्या कामात मध्ये मध्ये बोललेलं मला चालत नाही. जेवण झाल्यावर माझ्या स्वतःच्या लक्षात आलं की ती पाकळी नटाला अडवून धरते. सरळ केली. असं बारकाईने बघावं लागतं.

नट तरीही हलत नाही.

१३ फेब्रुवारी
युक्ती सापडली. इंजिनातल्या दोन दातेरी चाकांमध्ये नाणं अडकवायचं, चाकं जाम होतात, मग नट फिरवायचा. अडकवलं. बाहेरचं चाक जाम झालं, पण नट आतल्या भागावर आहे आणि तो नाण्याला भीक घालत नाही. वर हातोड्याच्या दणक्याने नाणं सुटून आत पडलं. कुठे गेलं दिसत नाही. चिमटा घातला, चुंबक घातलं, बायकोची विणायची सुई घातली. सुईही वाकली.

बायको म्हणते, मेकॅनिककडे नेऊ. मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूची आहेस ते एकदा ठरव. तिने ठरवलं असावं. तेव्हापासून गप्प आहे.

१५ फेब्रुवारी
चार दातांचा पाना घरी बनवणार. नटाएवढ्या रुंदीचा पाइप घ्यायचा, तोंडाशी चार दात सोडून बाकीचं कानशीने घासून काढायचं, वर आडवं भोक पाडून दांडा घालायचा. झाला पाना. मेकॅनिकचं तोंड बघण्यासारखं होईल.

नेमक्या रुंदीचा पाइप घरातच निघाला. आईची काठी. रबरी बूच काढून खालचा तुकडा कापला, बूच परत बसवलं. काठी थोडी आखूड झाली. वयाबरोबर आईही थोडी आखूड झालीच आहे, त्यामुळे हिशोब जुळतो.

१६ फेब्रुवारी, रविवार
काठी ॲल्युमिनियमची होती. बायकोला मागचा ब्रेक दाबायला बसवलं, गाडी गियरमध्ये, पाना खाचांत, मी दांड्यावर. चारही दात लोण्यासारखे वाकले. आजकाल काठ्यासुद्धा धड बनवत नाहीत.

१७ फेब्रुवारी
आई वर निघाली होती. दुसऱ्या पायरीवर थबकली, काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग कानशीकडे. परत खाली आली, खुर्चीत बसली आणि जाहीर केलं की आजपासून निरोप बंद. ज्याला बोलायचं त्याने आपल्या पायांनी जावं, तिचे पाय संपले.

बरंच झालं. मला काही निरोप द्यायचाच नव्हता.

१९ फेब्रुवारी
भंगारवाल्याकडून पोलादी पाइप आणला. आता रोज ऑफिसातून आल्यावर कानस. पोलाद म्हणजे पोलाद. तासभर घासलं की नखाएवढं निघतं. शेजारचे रिटायर्ड हेडमास्तर दारात येऊन म्हणाले, हा आवाज दातांत जातो. मी म्हटलं, मग तोंड मिटून बसा. ते माझे हेडमास्तर होते. पण आता मी मोठा आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार
पाना तयार. चार दात, चारही खाचांत बसतात. खोटं कशाला बोलू, मी तो उशाशी ठेवला. बाबांनी पाहायला हवा होता. बाबा नेहमी म्हणायचे की हात धाकट्याकडे आहेत आणि तोंड माझ्याकडे. आता बोला म्हणावं.

२५ फेब्रुवारी
बायको ब्रेकवर. मी दांड्याला पलंगाचा लोखंडी पाइप जोडला, लांब दांडा म्हणजे जास्त जोर. ओढला. पाना धरून राहिला! नट धरून राहिला! बायकोचा पाय सटकला. गाडी माझ्या अंगावर. आरसा फुटला, माझा कोपर फुटला, पलंगाला आता तीनच पाय आहेत.

बायकोचं म्हणणं, तिच्या वजनात हे काम नाही, दणकट माणूस हवा. असा कोणी माहीत आहे का, असं विचारून ती मुद्दाम छताकडे बघत राहिली.

मरेन, पण बोलावणार नाही.

२७ फेब्रुवारी
हेडमास्तरांना विचारलं. त्यांनी दार लावलं.

ऑफिसातल्या शिपायाला विचारलं. म्हणाला, भावाला का नाही बोलवत. याला घरच्या गोष्टी कोण सांगतं? बहुतेक मीच.

२८ फेब्रुवारी, सकाळ
उद्या पहिली तारीख. गाडी उघडी पडलीय, आत नाणं आहे, नट जिथल्या तिथे. आईला म्हटलं, वर जाऊन फक्त एवढं सांग. ती म्हणाली, काय टेकत जाऊ, तुझा पाना?

शेवटी मी जिन्याखाली उभा राहिलो आणि कोणाचंही नाव न घेता मोठ्यांदा जाहीर केलं की ज्याला मार्चमध्ये ही गाडी धडधाकट हवी असेल त्याने येऊन ब्रेकवर पाय ठेवावा. हे मी जिन्याला सांगितलं. धाकट्याशी बोललो, असं याला म्हणता येणार नाही.

वर दार वाजलं. तो उतरला. बनियनवर, हातात चहाचा कप. कप पायरीवर ठेवला. माझ्याकडे न बघता गाडीवर बसला, बाबा बसायचे तसा, किंचित डावीकडे कलून. मागचा ब्रेक दाबला आणि गाडी भिंतीसारखी उभी राहिली.

मी पाना लावला. त्याने वाकून पान्याचे दात पाहिले. बोटाने एक चाचपला. मला छातीत कसंतरी झालं. राग असणार.

ओढलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दोघांच्याही तोंडून एकदमच हुंकार निघाला, आणि कडाक्! मला वाटलं पाइप मोडला. नट सुटला होता. बायकोने टाळी वाजवली. आई खुर्चीतून उठली, काठीशिवाय. मी त्या क्षणी जगात कोणालाही माफ करू शकलो असतो. यादीसुद्धा मनात होती, मेकॅनिक सोडून.

प्लेटा बाहेर काढल्या.

कोऱ्या. एकदम कोऱ्या. कडासुद्धा झिजलेल्या नाहीत.

मग आईने पहिल्या तारखेचा निरोप सांगितला. जानेवारीत धाकट्याने मेकॅनिककडून सगळ्या प्लेटा नव्या टाकून घेतल्या होत्या, आणि नट मेकॅनिकने मशीनने आवळला होता. केबल थोडी ढिली ठेवलीय, तिला हात लावू नको, नाहीतर क्लच घसरेल. निरोप एवढाच होता. आई म्हणाली, अठ्ठावीस दिवस माझ्या पोटात होता, आता तरी घे.

धाकटा हँडलपाशी गेला. लिव्हर दाबून पाहिला. ताठ. पुन्हा दाबला. मग वळला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघून त्याने विचारलं, केबल कोणी आवळली.

माझं उत्तर तयार होतं. रोज म्हणत आलोय. त्यात आमचं लहानपण आहे, बाबांचं आजारपण आहे, तो हॉस्पिटलात उशिरा आला ते आहे, त्याच्या बायकोने माझ्या बायकोला काय म्हटलं ते आहे, शेवटी एक जबरदस्त वाक्य आहे. मी घसा साफ केला.

म्हणालो, मी.

बाकीचं आलंच नाही. त्याने मान हलवली, पायरीवरचा कप उचलला. चहा गार झाला होता. तो तसाच प्यायला आणि वर गेला.

१ मार्च
गाडी मुदतीत चालू झाली नाही. नियम नियम असतो. आई म्हणाली, तूच सुचवला होतास. मी म्हटलं, तेव्हा परिस्थिती वेगळी होती. ती म्हणाली, तेव्हा तुझ्या डोळ्यांसमोर तो होता.

धाकट्याने नट, स्प्रिंगा, झाकण सगळं पिशवीत भरलं. सोफ्याखालची स्प्रिंग मी स्वतः वाकून काढून दिली, त्याची कोणी दखल घेतली नाही. खाचा खराब झाल्या म्हणून नट नवाच लागणार. त्याने गाडी ढकलत कोपऱ्यावर नेली. पाना मागितला नाही. मेकॅनिककडे आहे.

एप्रिलपासून चालत. चालणं तब्येतीला उत्तम, हे माझं मत फार जुनं आहे. आईला नवी काठी आणली, पोलादी. जड आहे म्हणते.

संकल्प: उत्तर थोडं आखूड करायचं. प्रसंगी आठवलं पाहिजे.

४ मार्च, संध्याकाळ
जिन्याखालची जागा मोकळी. तेलाचा डाग साबणाने निघत नाही.

गाडीचा आवाज ओळखला. क्लच घसरत नाही. धाकटा दाराशी उतरला, गाडी जिन्याखाली लावली, पहिल्या पायरीवर थांबला. मी उत्तराची सुरुवात करणार होतो, खरंच करणार होतो, पण त्याने खिशात हात घातला. म्हणाला, मेकॅनिकला इंजिनात सापडलं, तुझं आहे. माझ्या तळहातावर ठेवलं आणि वर गेला.

नाणं. दातेरी चाकाने एका बाजूला चेपलेलं, तेलकट.

बाबांच्या गाडीतला माझा हिस्सा मिळाला.